नमुन्याची सवत

मॅडमना एका रिपोर्टवर सही करायला जवळजवळ एक मिनिट लागे. त्यांची बोटं मुळापासून एका बाजूला कललेली होती, करंगळी तळव्यात मिटलेली. पेन धरता यावं म्हणून त्यावर रक्तदाबाच्या जुन्या यंत्राची रबरी नळी कापून चढवलेली असे. समोरचा माणूस घाईत आहे असं दिसलं की त्या आणखी सावकाश सही करत. एकदा मी म्हटलं, सहीचा शिक्का करून घेऊ या. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "शिक्का कुणीही मारेल, भडगाव. ही वाकडी सही कुणी करून दाखवावी."

भडगाव म्हणजे मी. मॅडम कुणालाच नावानं हाक मारत नसत. ज्या गावाहून माणूस आला ते त्याचं नाव. रक्ताच्या बाटल्या पोचवणारा नशिराबाद, दूधवाल्या बाई पाळधी, आणि धुळ्याला हाडांचं हॉस्पिटल चालवणारा, एके काळी त्यांच्या हाताखाली शिकलेला सर्जन म्हणजे नुसता 'धुळे'. फोनवर ऐकणाऱ्याला वाटे, बाई एका अख्ख्या जिल्ह्याला झापतायत.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून त्यांच्या जळगावच्या लॅबमध्ये लागले, ती त्यांच्या शेवटापर्यंत तिथंच राहिले. लॅब म्हणजे तळमजल्यावरच्या तीन खोल्या. त्यांच्या मागे आणखी दोन खोल्या होत्या, तिथं त्या एकट्या राहत. मेडिकल कॉलेजातली नोकरी सोडून त्यांनी ही लॅब काढली तेव्हाच त्यांना संधिवात होता. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी सुरू झालेला, आधी बोटांत, मग मनगटांत, मग गुडघ्यांत. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं, तो प्रकार. पुढे डावा गुडघा बदलून कृत्रिम बसवला, तोही धुळ्यानंच.

लॅबमध्ये एकच कूलर होता आणि तो मधल्या खोलीतल्या उबवणीच्या पेटीसाठी होता. ही पेटी जंतू वाढवण्यासाठी सदतीस अंशांवर ठेवावी लागते. पण जळगावच्या मे महिन्यात खोलीच त्रेचाळीसवर जाते, आणि पेटीला तापता येतं, गार होता येत नाही. म्हणून खोली गार ठेवायची. वीज गेली की इन्व्हर्टरवर पेटी आणि कूलर चाले. मॅडम, मी आणि पेशंट वर्तमानपत्रानं वारा घेत बसायचो. एका व्यापाऱ्यानं रागावून विचारलं, "मॅडम, माणसांची काही किंमत आहे की नाही?" त्या म्हणाल्या, "तुम्ही उठून बाहेर जाऊ शकता. त्यांना नाही जाता येत."

त्यांची भांडणं बहुतेक सर्जन लोकांशी होत, आणि बहुतेक एकाच गोष्टीवरून. कृत्रिम सांध्यात जंतू शिरले आहेत का, हे ओळखणं मुळातच अवघड. ज्याला संधिवात आहे त्याच्यात तर फारच. गुडघा सुजला, तर संधिवातानंही सुजतो. शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी वाढलेली आली, तर ती अशा माणसांत नेहमीच वाढलेली असते. सांध्यातल्या पाण्यात पांढऱ्या पेशी सापडल्या, तर त्या संधिवातातही सापडतात. आणि संधिवाताची औषधं तापाचं तोंड दाबून ठेवतात, त्यामुळे जंतू असूनही अंग गार. मॅडम हे नव्या डॉक्टरांना एका वाक्यात सांगत. "ज्या घरात रोज भांडण असतं, तिथं चोर शिरून आरडाओरडा झाला तरी शेजारी म्हणतात, रोजचंच आहे."

साक्रीकडच्या एक अक्का आल्या होत्या, ते मला आठवतं. दोन्ही हातांची बोटं मॅडमसारखीच झालेली. दोन वर्षांपूर्वी बदललेला गुडघा दुखत होता.

"डॉक्टर म्हणस वात शे, वाढी गया," अक्का म्हणाल्या. "ताप ते नही शे मॅडम, पन गुडघा चुलाना मायक तपस."

मॅडमचं माहेर साक्रीजवळचंच. त्या लगेच अहिराणीत शिरल्या. "कितला दिन व्हयनात?"

"दिवाईपासून."

"आनि गोया?"

अक्कांनी पिशवी उलटी केली. तीन डॉक्टरांनी दिलेल्या जंतुनाशक गोळ्यांच्या तीन पट्ट्या, तिन्ही अर्ध्या खाल्लेल्या. मॅडमनी डोळे मिटून घेतले. कुणाचाच निदानावर विश्वास नव्हता, पण गोळी मात्र प्रत्येकानं दिली होती. अशा अर्धवट गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, नुसते लपतात. मग सांध्यातलं पाणी काढून तपासलं तरी जंतू वाढवायची प्लेट कोरी राहते आणि सगळे म्हणतात, बघा, संधिवातच होता.

"तुना गुडघा खरं सांगस, साक्री," मॅडम म्हणाल्या. "पन गोया बंद कर. पंधरा दिन. मग पानी काढू."

अक्का पंधरा दिवसांनी आल्या, पाणी काढलं, जंतू सापडला, पाय वाचला. पाठवणाऱ्या डॉक्टरला मॅडमनी रिपोर्टसोबत त्या तिन्ही अर्ध्या पट्ट्या पाकिटात घालून पाठवल्या. त्यानं पुढे आम्हाला एकही पेशंट पाठवला नाही.

कामाच्या त्यांच्या दोन पद्धती होत्या आणि दोन्हींवर गावात हसत. एक म्हणजे चौदा दिवस. इतर ठिकाणी प्लेट पाच दिवसांत फेकतात. सांध्यातले काही जंतू मात्र आळशी असतात, दहाव्या-बाराव्या दिवशी डोकं वर काढतात. मॅडम चौदाव्या दिवसाआधी 'जंतू नाही' असं लिहीत नसत, मग कुणी लॅबच्या पायरीवर ठाण मांडून बसो.

दुसरी पद्धत सवतीची. सांध्यातलं पाणी आलं की त्याच्या शेजारी नुसतं निर्जंतुक मीठपाणी घ्यायचं. त्याच हातांनी, त्याच ज्योतीशेजारी, त्याच वेळी ते दुसऱ्या प्लेटवर पसरायचं, आणि दोन्ही प्लेटा शेजारी शेजारी पेटीत ठेवायच्या. ही दुसरी म्हणजे नमुन्याची सवत. तिच्यात काही उगवता कामा नये. उगवलं, तर जंतू आपल्या हातांतून किंवा हवेतून आला आणि मग नमुन्यात जे उगवलं त्यावरही विश्वास ठेवायचा नाही. कातडीवर राहणारा साधा पांढरा जंतू हाच कृत्रिम सांध्यातला मोठा गुन्हेगार, आणि तोच तपासणाऱ्याच्या बोटावरही असतो. "दुसऱ्यावर संशय घ्यायला शिकवावं लागत नाही," मॅडम म्हणत. "स्वतःच्या हातावर घ्यायला शिका."

तरीही एका नमुन्यात उगवलं तर त्या मानत नसत. एक प्लेट म्हणजे अफवा. वेगळ्या दिवशी काढलेल्या दुसऱ्या नमुन्यात तोच जंतू आला, तर साक्ष.

मग एका वर्षी होळीनंतर त्यांचा स्वतःचा डावा गुडघा दुखू लागला.

त्यांनी महिनाभर कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते त्या सही करायला बसताना पाय स्टुलावर ठेवू लागल्या म्हणून. संधिवाताच्या डॉक्टरांनी सांगितलं, आजार उसळलाय, स्टिरॉइड वाढवा. धुळ्यानं एक्स-रे पाहून सांगितलं, सांधा जागेवर आहे, गुडघ्यात स्टिरॉइडचं एक इंजेक्शन देतो. त्यांचे थोरले भाऊ नाना धुळ्यालाच राहत. ते फोनवर म्हणाले, "अगं, दोन दोन डॉक्टर सांगतायत. जरा ऐकत जा ना."

"मी तिसरी डॉक्टर आहे, नाना," मॅडम म्हणाल्या.

जंतू असतील आणि वर स्टिरॉइड टोचलं, तर जंतूंना रान मोकळं. सांधा जाईल, कदाचित पायही. जंतू नसतील, तर त्या उगाच दुखणं सोसत बसल्या होत्या. हे ठरवायला एकच वाट होती. त्या धुळ्याला गेल्या आणि म्हणाल्या, आधी पाणी काढ.

ते पाणी माझ्याकडे आलं. चिठ्ठीवर त्यांनी स्वतःचं नाव लिहू दिलं नाही. "नुसतं 'डावा गुडघा' लिही. माझ्यासाठी वेगळे डोळे लावशील."

सहाव्या दिवशी प्लेटवर पांढरे ठिपके आले. सवत चौदा दिवस कोरी राहिली. मी आनंदानं, खरं तर भीतीनं, त्यांना दाखवायला गेले. त्यांनी भिंगातून पाहिलं.

"अफवा," त्या म्हणाल्या.

"मॅडम, तुम्हाला आतून माहीत आहे ना?"

"आतून मला पुष्कळ माहीत असतं."

धुळे फोनवर हसला. "मॅडम, कातडीवरचा जंतू आहे. सुईबरोबर आला असेल. हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

"म्हणून तर पुन्हा टोचायला येतेय."

जंतुनाशक गोळी नाही, स्टिरॉइडची वाढ नाही, फक्त वेदनेची साधी गोळी, आणि वर मे महिना. दुसऱ्या खेपेचं पाणी आलं त्या दुपारी त्या मधल्या खोलीत खुर्चीवर येऊन बसल्या. पाय समोर लांब केलेला. चेहऱ्यावरून घाम गळत होता, तो पुसायला हात वर जात नव्हता. कूलर नेहमीप्रमाणे पेटीकडे तोंड करून होता. मी तो थोडासा फिरवला. इतकाच, की वाऱ्याची कड त्यांना लागावी. त्यांचे डोळे मिटलेले होते. मग मी कामाला बसले. जिच्या उबेनं हवेतले जंतू प्लेटपासून दूर राहतात ती बर्नरची ज्योत एका बाजूला कलत होती. मी ते पाहिलं. पाहिलं आणि काम पुरं केलं.

पाचव्या दिवशी सकाळी पेटी उघडली. नमुन्याच्या प्लेटवर पांढरे ठिपके, तेच. मी सवतीचं झाकण उचललं. तिच्यावरही दोन होते. अगदी लहान, कडेला.

मी बराच वेळ तिथं उभी होते. लॅबमध्ये मी एकटीच होते. सवत उचलून फेकून दिली असती आणि नवी कोरी प्लेट तिथं ठेवली असती, तर जगात कुणालाही कळलं नसतं. साक्ष मिळाली असती. धुळ्यानं ऑपरेशन केलं असतं, आणि ते बरोबरच ठरलं असतं अशी माझी खात्री होती. मॅडमची बोटं झाकणं उचलू शकत नसत. त्यांच्यासाठी मीच उचलत असे.

त्या बाहेर आल्या. "काय म्हणतोय डावा गुडघा?"

"उगवलंय. तोच."

"आणि सवत?"

"गप्प आहे," मी म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या. इतकंच. झाकण उचलून दाखव, असंही म्हणाल्या नाहीत. खुर्चीत बसल्या आणि फोन मागितला. मी नंबर लावून दिला. पलीकडे घंटी वाजत होती आणि त्या स्वतःशी पुटपुटत होत्या, "ए धुळे, उचल. आता हास."

मी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला आणि बंद केला. इतक्या वर्षांत मी असं काही केलं नव्हतं. मग मधल्या खोलीत जाऊन सवत आणली आणि झाकण उघडून त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी भिंग मागितलं. पाहिलं. "ज्योत हलत होती?"

"हो."

"का?"

"कूलर तुमच्याकडे फिरवला होता. थोडासा."

"मी सांगितलं होतं?"

"नाही. तुम्हाला घाम येत होता."

"घामानं मेलेलं माणूस मी या जिल्ह्यात पाहिलं नाही, भडगाव."

मी रडायला लागले. त्यांनी मला समजावलं नाही आणि माझ्या खोटं बोलण्याबद्दल त्या दिवशी किंवा नंतर कधीच एक शब्द काढला नाही. फक्त म्हणाल्या, "दोन्ही फेक. फोन परत लाव."

फोन लागला. "धुळे, प्लेट फेकून दिली. माझ्या लॅबची चूक. पुन्हा पाणी काढायला येतेय."

"मॅडम, किती वेळा?" त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. "आता तरी मान्य करा की संधिवात आहे."

"तू आधी मान्य कर की तुला माहीत नाही. मलाही माहीत नाही. पण मी बघतेय, आणि तू नुसता सांगतोयस."

मी म्हटलं, तिसऱ्या नमुन्याला दुसऱ्या कुणाला तरी बोलवू या, माझ्याकडून नको. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं. "हात तेच राहतील," त्या म्हणाल्या. "तू आता या कामाला पहिल्यापेक्षा लायक आहेस."

तिसरी खेप जूनच्या सुरुवातीला झाली. तोवर त्या काठी घेऊनसुद्धा मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत एका दमात येऊ शकत नव्हत्या. नाना जळगावला येऊन गेले. जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. सांगा ना तिला. हट्टापायी पाय घालवून बसेल." मला बोलता येत नसे, अजूनही फारसं येत नाही.

या वेळी कूलर पेटीकडे होता, मॅडम बाहेरच्या खोलीत होत्या आणि ज्योत सरळ होती.

पाच दिवस काही नाही. सात दिवस काही नाही. आठव्या दिवशी त्यांनी विचारणं बंद केलं. नवव्या दिवशी सकाळी प्लेटवर ठिपके होते. मी पुढच्या सगळ्या तपासण्या केल्या. तोच जंतू. ज्या औषधांना पहिल्या खेपेचा दाद देत नव्हता, त्यांनाच हाही देत नव्हता. सवत कोरी.

मला वाटलं आता फोन लावायचा. त्या म्हणाल्या, "सवतीचे पाच दिवस बाकी आहेत."

"मॅडम, पाय!"

"पाय माझा आहे."

कुठून कुणास ठाऊक, धुळ्याला कुणकुण लागली. त्यानंच फोन केला. "मॅडम, उगवलं म्हणे? मग कशाची वाट बघताय? या आता."

"चौदाव्या दिवशी येईन. तोवर तू नुसता 'संधिवात, संधिवात' असा जप करत बस."

चौदाव्या दिवशी संध्याकाळी मी सवत उघडून त्यांच्यासमोर धरली. कोरी. त्यांनी रबरी नळीचं पेन घेतलं आणि स्वतःच्या गुडघ्याच्या रिपोर्टवर सही केली. एक मिनिट लागलं. जास्तच.

ऑपरेशन धुळ्याला झालं. धुळ्यानं सांधा उघडला तेव्हा धातूच्या मागे, हाडाला लागून, करडा बुळबुळीत थर होता. वेगवेगळ्या जागांचे सहा तुकडे निर्जंतुक डब्यांत घालून त्यानं माझ्या हातात दिले आणि मी ते बर्फाच्या पेटीत ठेवून जळगावला आणले. सहापैकी पाचांत तोच जंतू उगवला. धुळ्यानं हॉस्पिटलच्या खाटेपाशी जाऊन त्यांना सांगितलं, "मॅडम, पाच!" त्या वेळी मी तिथं होते. त्यांनी विचारलं, "आणि सहावा?"

"सहावा कोरा."

"तोही लिही. कोरं लिहायला लाज वाटते तुम्हा लोकांना."

तो हसला, मग त्याचे डोळे भरून आले. "मी ते इंजेक्शन दिलं असतं, मॅडम."

"दिलं असतंस. मी देऊ दिलं असतं का?"

जुना सांधा काढून तिथं औषधभरल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवला, साडेतीन महिने जंतुनाशकं दिली, आणि मग नवा सांधा. नवा बसवताना पुन्हा सहा तुकडे घेतले. ते मी चौदा दिवस रोज पाहिले, सहाच्या सहा. सहाही कोरे राहिले. मॅडम पुन्हा काठीनं चालू लागल्या, मग घरात काठीशिवाय. पुढचे चौदा-पंधरा महिने त्या रोज मागच्या खोलीतून पुढे येऊन सह्या करत. त्यानंतरच्या थंडीत त्यांना दम लागू लागला. संधिवात फुफ्फुसांतही उतरतो, त्यांच्या उतरला होता. तीन आठवड्यांत त्या गेल्या.

दहाव्या दिवशी मी धुळ्याला नानांच्या घरी गेले. पुढच्या खोलीत सतरंजी टाकली होती, माणसं येत होती, बसत होती, उठत होती. नाना भिंतीला टेकून बसले होते. प्रत्येक येणाऱ्याला ते सांगत होते, "त्या गुडघ्यानं घात केला. तीन तीन वेळा सुया टोचून घेतल्या, दोन मोठी ऑपरेशनं. कुणाचं ऐकायची नाही. हट्टी होती माझी बहीण." ऐकणारे मान हलवत. कुणी म्हणे, गुडघ्याची ऑपरेशनं वाईटच. कुणी म्हणे, या वयात कशाला करायची. मी कोपऱ्यात बसून चार वेळा हे ऐकलं.

पाचव्या वेळी मी बोलले. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"नाना, शेवटी गुडघ्यात काही नव्हतं."

खोलीतली माणसं माझ्याकडे बघू लागली. नाना म्हणाले, "काय म्हणालात?"

"गुडघ्यात जंतू होते. त्यांनी ते स्वतः शोधले. कुणी शोधत नव्हतं तेव्हा शोधले. मग ते काढले. नवा सांधा बसवताना सहा तुकडे माझ्याकडे आले होते. मी चौदा दिवस पाहिले, नाना, सहाही कोरे होते. त्या फुफ्फुसानं गेल्या. गुडघा बरा झाला होता."

माझ्या शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, मला शांत करायला. मी त्यांचा हात बाजूला केला. मला शांत व्हायचं नव्हतं.

"हट्ट नव्हता तो," मी म्हणाले. "हट्टी असत्या तर पहिल्याच प्लेटला ऑपरेशन करून घेतलं असतं. त्यांना वाटत होतं ते खरं निघालं. तरी ते खरं आहे असं त्या महिनोन्महिने म्हणाल्या नाहीत. दुखत असताना म्हणाल्या नाहीत."

नाना खाली सतरंजीकडे बघत राहिले. मला वाटलं ते रागावले, आणि रागावले तर रागावोत असंही वाटलं. तेवढ्यात दारातून त्यांचे कुणी जुने शेजारी आत आले, चपला काढून नानांसमोर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "नाना, फार वाईट झालं. गुडघ्याचं दुखणं होतं म्हणे."

नानांनी मान वर केली.

"नाही," ते म्हणाले. "फुफ्फुसानं गेली. गुडघा चांगला होता तिचा."

शेजाऱ्यांना थोडं कमी ऐकू येत असावं. त्यांनी कानामागे हात धरला. नाना पुढे झुकले आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "गुडघा चांगला होता! चालत होती ती!"